नसलेला ढग

सकाळचे साडेदहा झाले होते. चहाचा कप नुकता टेबलावर ठेवला होता, तेवढ्यात पडद्यावर एक प्रश्न उमटला.

'तृप्ती, तू त्या साच्यात काही बदललंस का?'

खाली विचारणाऱ्याचं नाव होतं: सुकुमार मगदूम.

सुकुमारला जाऊन बावीस वर्षं झाली होती. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तो नव्यानं बसवायचा माझा विचारही नाही. पण त्या सकाळी मी दाराकडे वळून पाहिलं, हे लपवण्यात अर्थ नाही. हा प्रश्न मी ओळखला. एकतीस वर्षांपूर्वी, याच संस्थेत, जिन्याखालच्या बोळात त्यानं तो मला विचारला होता आणि मी त्याला उत्तरही दिलं होतं.

आता विचारत होती ती 'उजळणी'. हे यंत्र काय करतं ते सांगते, कारण ते आल्यापासून आमच्या धंद्यात कुणाला शांत झोप नाही. चार वर्षांपूर्वी जगातल्या सगळ्या वेधशाळांनी आपापली जुनी दप्तरं या एका यंत्रापुढे ओतली. कुणी कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठली आज्ञा दिली, मध्ये किती वेळ थांबला, काय खोडलं, सहकाऱ्यांना काय निरोप टाकले, सगळं. यंत्राचं काम एवढंच, की प्रत्येक जुनी उकल पहिल्यापासून करून पाहायची आणि चूक कुठे शिरली ते शोधायचं. अर्धवट सुटलेली कामं असतील तर ती पुरी करायची. मोठमोठ्यांनी टाळ्या वाजवून त्याचं स्वागत केलं. मग निकाल यायला लागले. एका थोर गृहस्थांचा गाजलेला शोध त्यांच्या बायकोनं लावलेला निघाला. दोघं अजून एकाच घरात राहतात म्हणे, पण जेवायला वेगवेगळ्या वेळी बसतात.

मी त्या वेळी हसले होते. माझं काम स्वच्छ आहे याची मला खात्री होती. मला पसारा बघवत नाही, हे सगळ्या संस्थेला ठाऊक आहे.

प्रश्नाखाली यंत्राची स्वतःची टीप होती. 'हा प्रश्न निरोपपेटीत एकतीस वर्षं अनुत्तरित आहे. त्यावाचून पुढची उकल थांबली आहे. होय म्हटल्यास मूळ साचा वापरून काम पूर्ण केलं जाईल. नाही म्हटल्यास, किंवा तीस दिवसांत उत्तर न आल्यास, चूक सुकुमार मगदूम यांची, अशी नोंद होऊन प्रकरण कायमचं बंद होईल.'

बोळात विचारण्याआधी त्यानं तो लिहूनही पाठवला होता तर. मी तो निरोप कधी उघडलाच नव्हता.

आम्ही काय करत होतो, ते थोडं सांगायला हवं.

कृष्णविवर स्वतः काहीच दाखवत नाही. दिसतं ते त्यात पडणारं. मोरीच्या भोकाकडे जाणारं पाणी जसं गोल फिरत जातं, तसा वायू विवराभोवती फिरत राहतो आणि त्याची तबकडी होते. विवराच्या वर अतिशय तापलेल्या कणांचा एक पुंजका असतो, त्याला आम्ही प्रभा म्हणतो. प्रभेतून क्ष-किरण निघतात. काही सरळ आपल्याकडे येतात, काही आधी तबकडीवर आदळतात. तबकडीतलं लोखंड त्यामुळे चेततं आणि आपल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. हे किरण विवराच्या ओढीतून बाहेर पडता पडता दमतात. जितके जवळून निघाले, तितके जास्त दमलेले. त्यामुळे लोखंडाची ती बारीक, सरळ रेषा आपल्यापर्यंत पोहोचेतो एका अंगाला ओघळलेली असते. ती किती ओघळली यावरून, आपण त्या काळोखाच्या किती जवळचं पाहतोय, हे कळतं.

पण तिथे जाऊन कुणी मोजत नाही. संगणकात एक खोटं कृष्णविवर मांडायचं, त्यालाच आम्ही साचा म्हणतो, आणि त्याला पंधरावीस खुंट्या द्यायच्या: प्रभेची उंची, तबकडीचा कल, विवराची गिरकी वगैरे. मग तंबोरा लावावा तशा त्या पिळत बसायचं, हिशेबाची रेघ दुर्बिणीनं पाहिलेल्या ठिपक्यांवर बसेपर्यंत. सगळ्याच खुंट्या मोकळ्या सोडल्या तर काहीच जुळत नाही, म्हणून दोनचार गोठवायच्या असतात. कुठली गोठवायची आणि कुठली मोकळी ठेवायची, यातच आमची सारी अक्कल आणि सारा माज असतो.

आमचे गुरू डॉ. केळुसकर प्रभेची उंची, विवराच्या मापात, दहावर गोठवत. त्यांनी गोठवली म्हणून मी गोठवली. सुकुमारनं ती मोकळी सोडली.

तो इचलकरंजीचा, यंत्रमागवाल्या जैन घरातला. दिवस मावळायच्या आत जेवायचा, त्यामुळे संध्याकाळच्या आमच्या चकाट्यांत कधी नसायचा. बोलायचा कमी. एक आकडा टाकून दहा मिनिटं नुसता बघत बसायचा, आणि मला त्याची चीड यायची.

त्या सकाळी मी यंत्राला त्याच्या कामाची जुनी नोंद दाखवायला सांगितली. ती मूळच्या वेगानंही पाहता येते. पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं. आज्ञा, मग थांबणं, मग पुढची आज्ञा. मध्ये चार मिनिटं काहीच नाही. मग एक खुंटी जराशी हलली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं आणि तरी मी खुर्ची थोडी बाजूला सरकवली, शेजारी कुणी बसलं की सरकवतो तशी. मला भीती वाटली. त्याच्या भुताची नाही. पुढे काय दिसणार आहे, त्याची.

मंगळवारी दुपारी त्याचं जमलं होतं. प्रभा उंचावर नव्हतीच. विवराच्या अगदी काठाशी होती, दोनपेक्षा जरा वर. रेघ ठिपक्यांवर अशी बसली होती की खाली काही उरलंच नव्हतं. हिशेब वजा केल्यावर जे उरतं ना, तेच आमच्या कामातलं खरं बोलणं. इथे ते गप्प होतं.

चार वाजून बारा मिनिटांनी दुसऱ्या नावानं त्या कप्प्यात कुणी शिरलं. वापरकर्ता: तृप्ती वळसंगकर. यंत्राला हे दिसत होतं, पण बदल ज्यानं केला त्यानं कबूल केल्याशिवाय ते तो धरत नाही.

परदेशी पाहुणे गुरुवारी येणार होते. मी सामायिक कप्पा आवरला. सगळ्यांचे वेडेवाकडे साचे पुसून त्या जागी माझा नीटनेटका साचा ठेवला, प्रभेची उंची दहा, गोठवलेली. नावं तीच ठेवली, म्हणजे कुणाचं अडू नये. अकरा सेकंदांचं काम होतं. मला ते आठवतही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण ते काही पुरेसं नाही.

गुरुवारी पाहुण्यांसमोर केळुसकर सरांनी सुकुमारला सांगितलं, "चालवून दाखव." त्यानं चालवलं. रेघ ठिपक्यांना सोडून भलतीकडेच गेली आणि खाली उंटाच्या पाठीसारखा उंचवटा उरला. सुकुमार म्हणाला, "सर, परवा बसत होतं." सर त्याला सगळ्यांदेखत जे बोलले ते मी लिहिणार नाही. दुपारी जिन्याखाली त्यानं मला गाठलं.

"तृप्ती, तू त्या साच्यात काही बदललंस का?"

"नाही रे," मी म्हणाले.

मी पाहिलंही नव्हतं. हातात डबा होता, भूक लागली होती, आणि त्याच्या अपयशाचा डाग आपल्याला लागू नये असं मनातून वाटत होतं. तो "बरं" म्हणाला. माझ्या शब्दावर त्यानं विश्वास ठेवला आणि चूक स्वतःच्यात शोधत राहिला. तीन महिन्यांत त्याची शिष्यवृत्ती थांबली. तो गावी गेला, वडिलांचे माग सांभाळायला लागला, आणि नऊ वर्षांनी करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला.

त्या उंचवट्याचं पुढे मी सोनं केलं. विवराच्या आणि आपल्या मध्ये एक वायूचा ढग आडवा आला आहे, तो काही क्ष-किरण गिळतो, म्हणून असा उंचवटा उरतो, असं मी मांडलं. आकडे जुळले. ढग घातला की काहीही जुळतं. आज पाठ्यपुस्तकात त्याला वळसंगकर ढग म्हणतात. एकतीस वर्षं मी त्याची घनता मोजली, जाडी मोजली, त्यावर अकरा विद्यार्थ्यांना डॉक्टर केलं.

तो ढग नव्हताच कधी. त्या जागी सुकुमार होता.

आमचा संचालक कैवल्य राजवाडे माझाच विद्यार्थी, अकरातला नववा. यंत्रानं त्यालाही सूचना पाठवली होती. दुसऱ्या दिवशी तो माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, उत्तर देऊ नका. एवढंच."

"आणि तीस दिवसांनी?"

"प्रकरण बंद. ज्याची पीएचडीसुद्धा झाली नाही अशा एका माणसाची चूक. तो आता आहे तरी का वाईट वाटून घ्यायला?"

"खरं काय ते तुला कळलंय ना?"

"मला काही कळलेलं नाही," कैवल्य म्हणाला. "मला इतकंच कळतं, की नव्या दुर्बिणीची पहिली दोन वर्षं तुमच्या ढगाच्या शोधासाठी दिली आहेत."

"ढग सापडणार नाही, कैवल्य."

"नाही सापडला, तर दुर्बीण कमी पडली म्हणता येतं. मॅडम, दोन वर्षांत तुम्ही निवृत्त होताय. कशाला नाव खराब करून घेताय?"

मी त्याच्यावर ओरडले नाही. ओरडायला हवं होतं. खरं सांगायचं तर त्याचं बोलणं मला गोड लागलं, आणि सतरा दिवस मी उत्तर दिलं नाही. रोज सकाळी प्रश्न पडद्यावर असायचा, आणि मी त्याच्यावर दुसरी खिडकी उघडून कामाला लागायचे.

अठराव्या दिवशी आण्णांचा निरोप आला.

आण्णा म्हणजे सुकुमारचे वडील, भूपाल मगदूम. पर्युषणाचे उपास संपले की जैनांत क्षमावाणीचा दिवस असतो. त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात कळत-नकळत जे दुखावलं असेल, त्याची. सुकुमार घरी परतल्या वर्षापासून आण्णांनी मला हा निरोप कधी चुकवला नाही. आधी पोस्टकार्डावर, मग फोनवर. शब्द तेच. 'उत्तम क्षमा. माझ्या सुकुमारच्या हातून तुमच्या कामाला जो बट्टा लागला, त्याची क्षमा असावी.'

आणि मी दर वर्षी क्षमा केली होती. एकतीस वेळा. 'मनात काही नाही, आण्णा,' असं वर मोठेपणानं लिहून.

निरोप वाचून मला इतकी लाज वाटली की मी उठून खिडकी लावून घेतली. मग टॅब पिशवीत टाकला आणि इचलकरंजीचा रस्ता धरला. गाडी स्वतः चालते, त्यामुळे वाटेत भांडायलाही कुणी नव्हतं. साताऱ्यापाशी मनात आलं, सांगून तर बघू. म्हातारा म्हणेल, झालं गेलं जाऊ दे, आता नाव कशाला बदलतेस, आणि मग मी मोकळी होईन. इतकी काही मी सरळ मनानं गेले नव्हते.

आण्णा पडवीत बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, काटक, पांढराशुभ्र सदरा. शेजारची मागाची शेड आता कुणाच्या तरी गोदामासाठी दिलेली. त्यांनी मला एकदाच पाहिलं होतं, सुकुमार गेल्यावर, तरी ओळखलं.

"आलीस व्हय. ये, बस. तू सुकुमारच्या वयाची, मी अगं-तुगंच करणार बघ. चार वाजल्यात, दिवस मावळायच्या आत जेवून घे."

"आण्णा, आधी बोलायचंय. चूक सुकुमारची नव्हती. माझी होती."

ते हसले. हात जोडले. "उत्तम क्षमा, पोरी. मोठं मन हाय तुझं."

"तसं नाही. खरंच माझी होती."

"अगं, ह्या दिसांत समदी असंच म्हणत्यात. माझंच चुकलं, माझंच चुकलं. चांगलं असतंय ते."

त्यांना ती रीत वाटत होती. सणाची क्षमा समजून ते माझा कबुलीजबाब प्रेमानं परत करत होते. मी टॅब काढला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बोटानं दाखवत गेले. हा मंगळवार. हे सुकुमारचं काम, इथे बरोबर बसलेलं. हे चार वाजून बारा मिनिटं. हे माझं नाव. मी काय पुसलं, कुठल्या जागी काय ठेवलं. त्यानं मला काय विचारलं, मी न बघता काय सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि माझं नाव परत वाचलं, एकेक अक्षर.

मी वाट पाहत होते ती रागाची. तो आला असता तर बरं झालं असतं.

"दर क्षमावाणीला तुझं कार्ड लिहायचो," ते म्हणाले. "लिहायचो आणि त्याच्याकडं सही मागायचो. त्यो म्हणायचा, आण्णा, मी चुकल्यालो न्हाई, सही करणार न्हाई. मी म्हणायचो, एवढी मोठी मोठी शिकल्याली माणसं खोटी आणि तू एकला खरा? गर्व झालाय तुला. मग बोलायचोच न्हाई त्याच्यासंगं. पयल्यांदा एक दिवस. मागनं मागनं महिना महिना. एका शेडात दोघं, आणि मागांचा तेवढा आवाज."

"आण्णा—"

"थांब. दवाखान्यात हुता. आत सोडत न्हवती कुणाला. तिथनं फोन केला त्यानं. दम लागल्याला. म्हणला, आण्णा, माझं चुकलं हुतं. सही करून टाका माझ्या नावानं." त्यांनी टॅबवरचा हात काढून गुडघ्यावर ठेवला. "आणि मी काय म्हणलो म्हाईतीय? शाब्बास म्हणलो. पोरगं वळणावर आलं म्हणून मला बरं वाटलं. दुसऱ्या दिशी गेला. बावीस वर्सं मी त्याच एका बोलण्यावर काढली बघ. जाताना त्याचं मन साफ हुतं म्हणून."

ते माझ्याकडे पाहायला लागले.

"खोटं बोलला गं त्यो. माझ्यासाठी."

मला क्षमा मागायची होती आणि तो शब्द उच्चारायची सोय राहिली नव्हती. त्या घरात त्या शब्दाची किंमत कळत होती. मी वाकून, त्यांच्या मांडीवरच्या टॅबवर, प्रश्नाखालचं 'होय' दाबलं. कैवल्य, दुर्बीण, पाठ्यपुस्तक, काहीच आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही. सगळं आठवलं, आणि दाबलं.

यंत्रानं जुना साचा कुठून तरी काढला. खुंटी मोकळी झाली. आण्णांच्या मांडीवर पडद्यात तो उंचवटा हळूहळू खाली बसत गेला आणि सपाट झाला. नोंदीवर नाव आलं: उकल, सुकुमार मगदूम.

"काय निघालं हुतं त्याचं?" आण्णांनी विचारलं. "मला समजंल असं सांग. त्याला मी कधी इचारलंच न्हाई."

मी सांगितलं. एक काळोख आहे, त्यातून काही परत येत नाही. सगळ्यांना वाटत होतं, आपण लांबून दिसणारा उजेड बघतोय. सुकुमारला कळलं, की तो उजेड अगदी काठावरचा आहे. आता पडणार, अशा जागेवरून निघालेला, आणि तरी सुटून आपल्यापर्यंत पोहोचलेला. इतक्या जवळचं त्याच्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"म्हंजे बरोबर हुतं."

"हो."

"समदं?"

"सगळं, आण्णा."

त्यांनी मान हलवली. यंत्रानं मग त्याची पुरी नोंद पहिल्या दिवसापासून उलगडायला घेतली. अक्षरं उमटायला लागली.

"हे त्यो लिवतोय?"

"त्यानं लिहिलं होतं, अगदी तसंच. त्याच वेगानं."

अक्षरं थांबली. आण्णा टक लावून पाहत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली.

"थांबला."

"विचार करत असेल."

"व्हय," ते म्हणाले. "असाच थांबायचा. जेवतानाबी."

मग पडद्यावरून नजर न काढता त्यांनी मला सांगितलं, "तू जा आता. मला बसू दे त्याच्याजवळ."

जेवण तसंच राहिलं. मी टॅब तिथेच ठेवून निघाले आणि नंतर कधी परत मागितला नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. ढग पुस्तकांतून गेला, दुर्बिणीचे तास नव्यानं वाटले गेले. कैवल्य जिन्यात भेटला तर फोन कानाला लावतो. या साऱ्याचं मला वाटलं होतं तेवढं काही वाटलं नाही. क्षमावाणीच्या दिवशी मी दुपारपर्यंत फोन पालथा घालून ठेवला, मग सुलटा केला. आण्णांचं काही आलं नव्हतं. मग मी लिहिलं, आयुष्यात पहिल्यांदा, मागणाऱ्याच्या बाजूनं. त्यांच्या त्या सगळ्या कार्डांतून उचललेले शब्द होते. माझे असे मला सुचले नाहीत. उत्तर आलं नाही. येणार नाही, आणि न येण्याचा त्यांना हक्क आहे.

सुकुमारची नोंद नऊशे चाळीस तासांची आहे. ती संपते, आणि कुणीतरी ती पुन्हा पहिल्यापासून लावतं. उजळणीत कुठलंही काम कितीजण पाहताहेत, ते कोपऱ्यात दिसतं. संस्थेत आल्याबरोबर, चहाच्या आधी, मी तेवढं उघडते. वापरकर्ता: सुकुमार मगदूम. पाहणारे: एक.